बसायची खुर्ची

सोमवारी संग्रहालय बंद असतं, म्हणून या घरातली सगळी भांडणं सोमवारी होतात. इतर दिवशी दालनांतून लोक फिरत असतात, आणि परक्यांसमोर आवाज चढवायचा नाही ही आबांची शिकवण. आबा जाऊन दोन हिवाळे झाले, शिकवण मात्र ठणठणीत आहे. त्यामुळे मंगळवारी कुणाचं काही मनाला लागलं तरी ते आठवडाभर पोटात ठेवायचं आणि सोमवारी सकाळी चहाबरोबर बाहेर काढायचं, अशी सगळ्यांना सवय झालेली.

त्या सोमवारी आबांची तिन्ही मुलं आणि थोरली सून जेवणाच्या दालनात टेबलाभोवती उभी होती. उभी म्हणजे उभीच. टेबलाला बारा खुर्च्या होत्या, कोरीव पाठीच्या, एकीसारखी दुसरी नाही, आणि प्रत्येकीच्या एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत लाल दोरी बांधलेली. आबांनी चित्रं जमवली, मूर्ती जमवल्या, घड्याळं जमवली, पण त्यांचा जीव खुर्च्यांत. अख्ख्या हवेलीत पाऊल टाकाल तिथे खुर्ची, आणि एकीवरही बसायचं नाही. "खुर्ची बसून झिजते, माणूस उभं राहून झिजत नाही," असं ते म्हणायचे. हे ऐकत पोरं उभ्यानं जेवली, उभ्यानं अभ्यास करून पास झाली. ताई वकील झाली. कोर्टात ताटकळत राहण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकटा दंतवैद्य झाला तो केवळ त्या धंद्यात आपली स्वतःची खुर्ची असते म्हणून, आणि तिच्यावर पेशंट बसतो हे पदवी हातात पडेपर्यंत त्या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. थोरला आबांच्या जागी संचालक झाला, म्हणजे आबांच्या जागी उभा राहिला.

"दुपारी संग्रहालय महासंघाच्या परीक्षक बाई येतायत," थोरला म्हणाला. "मान्यता मिळाली की आपलं नाव मोठ्या संग्रहालयांच्या रांगेत. आणि त्यांना दाखवायला आपल्याकडे सिंहासन आहे."

सिंहासन आबा गेल्यापासून मधल्या बोळात अडकून होतं. आबांची ही शेवटची खरेदी. कुठल्याशा विसरल्या गेलेल्या राजाचं, काळ्या लाकडाचं, पायांना वाघाचे पंजे, हातांना वाघाची मुंडकी. राजा कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण पंजे कसे आहेत ते वहिनीच्या दोन्ही नडग्यांना चांगलं ठाऊक होतं.

"त्याला उत्तरेचा उजेड हवा," थोरला पुढे म्हणाला. "तळमजल्यावर उत्तरेची खिडकी एकच आहे."

"आत्याची," ताई म्हणाली.

"खोलीची," थोरला म्हणाला.

आत्या म्हणजे आबांची धाकटी बहीण. हवेलीची एकेक खोली दालन होत गेली, माणसं मागे मागे सरकत गेली, पण आत्याच्या खोलीला हात लावायची आबांचीही छाती झाली नव्हती. घरात घर म्हणावं अशी तेवढी एकच खोली उरली होती.

"आत्याला विचारलंस का, दादा?" धाकट्यानं विचारलं.

"आता सभेत विचारणारच होतो."

"ती सभेत आहे कुठे?"

"ती उभी राहत नाही म्हणून सभेला येत नाही. त्याला मी काय करू? वर माळ्याशेजारची खोली झाडून घेतलीय. संध्याकाळी हमाल येतील, तिचं सामान वर, सिंहासन आत."

"त्यांची खुर्ची वर जायची नाही," वहिनी घाईघाईनं म्हणाली. "जिना वळतो."

"मग ती देऊन टाकू कुणाला तरी. खुर्ची कसली, दुकानातला माल आहे तो. आबा तिला खुर्ची म्हणायचेसुद्धा नाहीत."

हे ऐकून तिघांचेही चेहरे पडले, पण तिघंही मूग गिळून बसली. म्हणजे उभीच राहिली. मग ताईनं घसा साफ केला.

"माझी खोली घेतली तेव्हा कुणी सभा घेतली नव्हती. शाळेतून आले तर पलंगाच्या जागी घोडेस्वाराचा पुतळा."

"नुसता घोडा," थोरल्यानं दुरुस्ती केली. "स्वार नंतर आला."

"तेव्हा मी रडले का? रडले. पण गेले ना वर? न्याय सगळ्यांना सारखा." एवढं बोलून ताई थांबली, आणि स्वतःचंच बोलणं आवडलं नाही तसं तोंड केलं. "पण आत्याचं वय झालंय हेही खरं," ती म्हणाली.

"मग धाकट्याकडे राहू दे," थोरला म्हणाला.

"माझ्याकडे ना, खाली दवाखाना," धाकटा म्हणाला. "दिवसभर ते ड्रिलचं घर्रघर्र." लगेच त्यालाच लाज वाटली. "तसं ती यायला तयार असेल तर माझी ना नाही. खुर्चीसकट."

थोरल्याला हे सगळं संमतीसारखं वाटलं. त्याला गप्प बसणं आणि हो म्हणणं यांतला फरक कधी कळलाच नव्हता, आबांनाही कळायचा नाही.

सभा मोडली तशी वहिनी पाठीमागच्या बागेतून वळसा घालून आत्याच्या दारी गेली. आत्यानं दार उघडायच्या आधीच ती आत होती आणि दार लागायच्या आधी खुर्चीत होती. बाटलीच्या रंगाची हिरवी खुर्ची, हातांवरचं कापड विरलेलं, बैठक मधोमध खचलेली. वहिनीनं पाठीमागे उशी सारली, पाय ताणले आणि डोळे मिटून घेतले.

"तुझी वेळ दुपारची ना गं?" आत्या पलंगावर बसत म्हणाली.

"आज दुपारी खुर्ची असेल की नाही कुणाला ठाऊक, आत्याबाई. तुमची खोली काढतायत. मी बोलले हो, पण ते ऐकतात का माझं? लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, इतक्या खुर्च्या, आता आयुष्यभर बसून खायचं."

आत्या हसली. वहिनी खुर्चीत बसून थोडं रडली, मग तिचं तिनंच नाक पुसलं. हे ती तशी दर आठवड्याला करायची, आज कारण होतं इतकंच.

"मी येते इथे हे यांना सांगू नका," ती म्हणाली. "संचालकांची बायको असून नियम मोडते म्हणतील. माझ्याशिवाय कुणी मोडत नाही या घरात."

"छे गं. कोण मोडणार?" आत्या म्हणाली.

आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती. उभं आयुष्य खुर्चीत बसून काढलेलं, त्यामुळे भावाचं तत्त्वज्ञान तिनं एका कानानं ऐकलं आणि निवृत्तीच्या दिवशी बाजारातून ही खुर्ची आणली. एकाची लाइन दुसऱ्याला लागू द्यायची नाही हे तिच्या अंगातच मुरलेलं. सकाळी दवाखाना उघडण्याआधी धाकटा, दुपारी सूनबाई, ताई माहेरी आली की जेवणानंतर ताई. प्रत्येकाला वाटायचं आपणच काय ते चोर.

बोळाच्या बाजूच्या दारावर टकटक झाली. "आत्या, मी," ताईचा आवाज आला. आत्यानं बागेकडच्या दाराकडे बोट केलं, आणि वहिनी चपला हातात घेऊन सटकली.

ताई आली, बसली, उठली, पुन्हा बसली. "मीच म्हटलं, न्याय सारखा," ती म्हणाली. "जीभ झडली कशी नाही माझी. आत्या, तू नाही म्हण. तू नाही म्हणालीस तर कुणाची हिंमत नाही."

"चाळीस वर्षं लोकांना जोडून दिलं, तोडायचं काम कधी केलं नाही," आत्या म्हणाली. "आणि खोली माझी कुठे आहे? भावाच्या घरात राहिले. त्यानं काढलं नाही हे त्याचं चांगलेपण. वर तर वर." ती खिडकीकडे बघत होती. "खुर्चीचं तेवढं वाईट वाटतं. वर तुम्ही कुणी येणार नाही."

ताई उठायला निघाली होती, ती आणखी थोडा वेळ बसली.

परीक्षक बाई दुपारी आल्या. अंगानं भरलेल्या, आवाजानं खणखणीत, एका गुडघ्याला पट्टा. थोरल्यानं त्यांना दालनामागून दालन दाखवलं. काचेतली नाणी, माती लागलेली भांडी, आरशांची खोली, आणि खुर्च्या, खुर्च्या, खुर्च्या. बाईंनी सगळं मनापासून पाहिलं. थोरला इतका रंगात आला की बाई आता एका पायावर भार टाकून उभ्या आहेत हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं. मागून धाकटा, ताई आणि वहिनी हाताची घडी घालून चालत होती.

"ही ओल आहे का?" बाईंनी भिंतीवरच्या खांद्याएवढ्या उंचीच्या काळपट डागाकडे बोट दाखवलं. "प्रत्येक दालनात दिसतेय."

"ओल नाही. तो आमचा टेकू," थोरला म्हणाला. "घरची माणसं तिथे टेकतात. मोठा डाग आबांचा, त्याखालचा माझा."

बाईंनी त्याच्याकडे निरखून पाहिलं. "मी जरा बसू का कुठे?" त्यांनी विचारलं.

आता हा प्रश्न जगात कुठल्याही घरात सोपा आहे. इथे चौघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली. "बसायचं म्हणजे," थोरला म्हणाला, "तुम्ही टेकू शकता. ताईचा डाग तुमच्या उंचीला येईल." आणि हे तो अगदी मनापासून, पाहुणचार म्हणून म्हणाला. वहिनीला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई बोळात शिरल्या, सिंहासनावरचं कापड त्यांनी बाजूला केलं, आणि पाठ वळवून दोन्ही हात वाघाच्या मुंडक्यांवर टेकवले.

"नको," थोरला ओरडला. परक्या माणसासमोर या घरात आवाज चढल्याची ती पहिलीच वेळ. बाई अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत थांबल्या.

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. "असं ओणवं किती वेळ राहाल?" आत्या म्हणाली. "या, आत बसा."

बाई आत गेल्या, हिरव्या खुर्चीत बसल्या, आणि बसता बसता त्यांच्या तोंडून जो सुस्कारा निघाला तो बोळाच्या टोकापर्यंत ऐकू गेला. आत्यानं चहा दिला. चहा प्यायला, कप खाली ठेवला, आणि परीक्षक बाईंना झोप लागली.

आत्या हळूच बाहेर आली आणि दार ओढून घेतलं. सगळी बोळात सिंहासनाभोवती उभी होती.

"झोपल्या?" थोरला कुजबुजला. "आत्या, मान्यता द्यायला आलेलं माणूस झोपवलंस तू."

"मी कुठे झोपवलं? खुर्चीनं झोपवलं."

"उठवताना खुर्चीच्या डाव्या हातावर भार देऊ देऊ नका," धाकटा काळजीनं म्हणाला. "तो ढिला झालाय. निसटला तर बाई खाली येतील."

थोरल्यानं मान वळवली. "तुला रे काय माहीत?"

"नाही, म्हणजे, दिसतं ना."

"दिसत नाही काही," वहिनी म्हणाली. "बसल्याशिवाय कळतच नाही ते. आणि उशी दिली का त्यांना, आत्याबाई? कमरेत पोकळी राहते, मग चमक भरते."

"अगं, तूसुद्धा?" थोरला म्हणाला.

"उशीपेक्षा पाय उजवीकडे घेतले की बरं," ताई म्हणाली. "डावीकडे स्प्रिंग टोचते." मग आपण काय बोललो हे तिच्या लक्षात आलं, आणि वकील असून तिला बचाव सुचला नाही.

तिघं एकमेकांकडे बघत राहिली. इतकी वर्षं प्रत्येकजण एकट्यानंच पाप करत होता, आणि पाप सार्वजनिक निघालं. धाकट्याला हसू फुटलं, ते त्यानं रुमालात दाबलं. ताईनं आत्याला विचारलं, "आपली एकदाही गाठ कशी पडली नाही?"

"माझ्या बोर्डावर लाइनी कधी एकमेकींत शिरल्या नाहीत," आत्या म्हणाली.

थोरल्याला मात्र हसू येईना. त्याच्या पोटऱ्या दुखत होत्या. आजच नाही, कित्येक वर्षं दुखत होत्या, आणि ते त्यानं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आबा गेल्यावर आपण त्यांचा नियम सांभाळतोय, निदान घरातली सगळी मिळून सांभाळतोय, एवढाच त्याला आधार होता.

"म्हणजे मी एकटाच मूर्ख," तो म्हणाला. "तुम्हाला कुणालाच आबांची चाड नाही. ते शेवटच्या आजारापर्यंत उभे होते. एकदा तरी बसलेले पाहिलेत का तुम्ही त्यांना?"

"मी पाहिलाय," आत्या म्हणाली.

आत दमदार घोरणं सुरू होतं.

"रोज यायचा. संग्रहालय बंद झालं, लोक गेले, की दार लोटायचा आणि बसायचा. म्हणायचा, 'हिला मी खुर्ची म्हणत नाही, तेव्हा नियम मोडला असं होत नाही.' मी पलंगावर, तो खुर्चीत. फार बोलायचा नाही. तुला रागावलेला असला की त्या दिवशी जरा जास्त वेळ बसायचा." आत्यानं थोरल्याच्या दंडाला हात लावला. "तुला सांगायचं त्याच्या मनात होतं रे. पण तू त्याच्याहून कडक निघालास. तो तुला घाबरायला लागला."

थोरला भिंतीला टेकला. नेमका आबांच्या डागाला, पण ते त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्ही उभ्यानं आवरणं कठीण जात होतं. आपल्या बापालाही पोटऱ्या होत्या, एवढंच त्याला कळत होतं.

दार उघडून परीक्षक बाई बाहेर आल्या. चेहरा ताजातवाना, केस एका बाजूनं चपटे.

"माफ करा हं," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांत कुठल्या संग्रहालयात इतकं बरं वाटलं नव्हतं. संग्रह तुमचा उत्तम आहे. हे सिंहासन बोळातच राहू द्या, अंग चोरून जावं लागतं, राजापुढून तसंच जातात. अडचण एकच. आलेल्या माणसाला टेकायला जागा नाही. भिंतीला नव्हे, बुडाला. आमच्या नियमांत ते बसत नाही. पण ही खोली लोकांसाठी खुली करा, ही खुर्ची आणि आणखी दोन-चार तशाच ठेवा, मान्यतेचं माझ्याकडे लागलं."

आता थोरल्याच्या हाती सगळं आयतं आलं होतं. खोलीही आणि मान्यताही. ताईनं डोळे मिटले. वहिनी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती, आणि लग्नाच्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो काय बोलेल याचा तिला अंदाज नव्हता. आत्या मात्र आत जाऊन बाईंचा उष्टा कप उचलून पदरानं टेबलावरचा ओघळ पुसायला लागली.

"ती खोली नाही मिळायची," थोरला म्हणाला.

"का?"

"तिथे आमची आत्या राहते."

"मग लोकांनी बसायचं कुठे?"

थोरला जेवणाच्या दालनात गेला. सगळी त्याच्या मागोमाग गेली. टेबलाच्या टोकाच्या खुर्चीची दोरी सोडायला तो वाकला, पण गाठ आबांच्या हातची, ती कुठली सुटते. "धाकट्या, तुझी बोटं बारीक कामाची आहेत, बघ जरा," तो म्हणाला. धाकट्यानं अक्कलदाढ काढावी तसा जीव लावून गाठीचा फास काढला. थोरल्यानं दोरी टेबलावर ठेवली. क्षणभर तो खुर्चीसमोर नुसताच उभा राहिला, आणि मग बसला.

खुर्ची जोरात करकरली. सगळ्यांनी श्वास रोखला. पण मोडली नाही.

"इथे," थोरला म्हणाला. "लोक इथे बसतील. या टेबलाच्या सगळ्या खुर्च्यांवर. लाकूड चांगलं आहे, झिजलं तर मी बघून घेईन."

बाई त्याच्या शेजारच्या खुर्चीची दोरी स्वतःच सोडून बसल्या आणि जरा हलून बघितलं. "जमेल," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून पेन काढलं.

मग एकेकजण बसलं. आपल्याच घरच्या टेबलाशी, पहिल्यांदाच. हात कुठे ठेवायचे ते कुणाला कळेना. बसल्यावर सगळ्यांची डोकी एका उंचीला आली, आणि धाकट्याला टक्कल पडायला लागलंय हे ताईला तेव्हा दिसलं. ती आठवड्याचं उरलेलं एक भांडण काढणार होती, पण बसून ते काढावंसंच वाटेना. वहिनी तर पाठ टेकून अशी बसली होती की तिला उठवायला हमालच लागले असते. हमाल आलेही, आणि काही उचलायचं नाही हे ऐकून तेही बसले.

आत्या केव्हाच आपल्या खोलीत परतली होती. तिनं बागेकडचं दार लावलं, बोळाकडचं लोटलं आणि हिरव्या खुर्चीत बसली. दिवसाउजेडी ती तिच्या वाट्याला किती दिवसांनी येत होती. उशी बाईंच्या पाठीनं पार दबून गेली होती. तिनं ती थापटून सारखी केली आणि पाय उजवीकडे घेतले. आता सगळ्यांना बसायला बारा जागा झाल्या, म्हणजे इकडे कुणी फिरकायचं नाही, असं तिच्या मनात आलं. खोली राहिली याचा आनंद होताच. पण जरा सुनंही वाटलं.

दार वाजलं. टकटक नव्हे, नुसतं नख लागल्यासारखं. थोरला फटीतून डोकावत होता.

"आत्या, बाई गेल्या. तिकडे बसून पाहिलं, पण त्या खुर्च्या फार कडक आहेत गं." तो उंबऱ्यातच घुटमळला. "मी जरा येऊ का?"

"आता नाही," आत्या म्हणाली. "आता मी बसलेय. दिवे लागले की ये."

"ती कुणाची वेळ नाही ना?"

"तुझ्या बापाची होती," आत्या म्हणाली. "तो गेल्यापासून कुणाला दिली नाही."